पन्नासच्या नोटेएवढं पापलेट

मागच्या अंकात पावसाळी मासेमारी बंदीवर मी सहज चार ओळी खरडल्या आणि माझ्या इनबॉक्समध्ये म्हावऱ्याचा बाजारच भरला. त्यामुळे या वेळी दुसरे विषय बाजूला, कर्ज, सासू आणि केसगळती पुढच्या महिन्यात. आज फक्त मासे.

प्रश्न : ताई, आम्ही रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या एनएसएसची २५ मुलं-मुली आहोत. ‘अतिमासेमारी’ (मासा वाढतो त्यापेक्षा जास्त पकडणं) या विषयावर जनजागृती मोहीम करतोय, २१ नोव्हेंबरला जागतिक मत्स्य दिन असतो तेव्हा समारोप. पोस्टर स्पर्धा, रॅली, पथनाट्य, रील्स आणि सह्यांची मोहीम एवढं ठरलंय. बजेट २० हजार. स्लोगन ‘मासे वाचवा, समुद्र वाचवा’. अजून काय काय अ‍ॅड करता येईल? – एनएसएस ग्रुप, रत्नागिरी

उत्तर : मुलांनो, अ‍ॅड काहीच करू नका, काढायला लागा.

आधी माझी फजिती ऐका. दहाएक वर्षांपूर्वी मी जाहिरातीच्या धंद्यात होते, आणि रायगडातल्या माझ्या माहेरच्या गावात अशीच एक मोहीम आम्ही हौसेनं केली. जेट्टीवर दहा बाय आठचा फ्लेक्स लावला, इंटरनेटवरून घेतलेला निळा देवमासा, खाली गुलाबी प्रवाळ, वर मोठ्या अक्षरात ‘समुद्र वाचवा’. मला तर तो इतका आवडला होता की मी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला. टोपली घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली, नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, ‘बाय, यो कंचा म्हावरा हाय? आमच्या दर्यान त नाय.’ संपली मोहीम तिथंच. पुढच्या पावसात तो फ्लेक्स एका शाकारलेल्या होडीवर ताडपत्री म्हणून बांधलेला दिसला, चला, उपयोग तरी झाला म्हटलं.

त्या दिवशी मला जे कळलं नाही आणि नंतर हळूहळू कळलं ते असं, की ‘मासे वाचवा’ हे वाक्य कुणालाच उद्देशून नाही. ते वाचून माणूस मान हलवतो आणि पुढं जातो, कारण नक्की करायचं काय, मी करायचं की सरकारनं, आज की पुढच्या वर्षी, काहीच त्यात नाही. आणि ‘अतिमासेमारी’ हा शब्दसुद्धा बंदरावर कुणी बोलत नाही हो. तिथं लोक म्हणतात मासा लांब गेला, मासा बारीक झाला, डिझेलचे पैसे सुटत नाहीत. तुमचं पोस्टर त्या भाषेत हवं. माशांची नावंही आधी विचारून घ्या, मुंबईत जिला मुशी म्हणतात ती तुमच्याकडे मोरी, एका बंदराचं नाव दुसऱ्या बंदराला चालत नाही.

तर एक मासा निवडा, एक माणूस निवडा, आणि त्या माणसानं करायची एकच गोष्ट निवडा.

उदाहरण देते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान पकडायचे नाहीत असा नियम केला. केरळनं हे आधी केलं होतं, आपल्याकडची यादी कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या शिफारशीवरून आली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं, त्याचे फोटो पेपरात आले, हे बऱ्याच जणांना आठवतं. १३५ मिलिमीटर मात्र कुणालाच आठवत नाही आणि का आठवावं, मासळी बाजारात मिलिमीटर घेऊन कोण जातं?

पण तुमच्या पाकिटातली नवी पन्नासची नोट काढा, ती निळसर, मागं हंपीचा रथ असलेली. तिची लांबी बरोब्बर १३५ मिलिमीटर आहे. हे मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. म्हणजे रिझर्व्ह बँकेनं नकळत प्रत्येकाच्या खिशात पापलेटची पट्टी देऊन ठेवलीय! ‘नोटेपेक्षा लहान? मग नको गो बाय!’ झाली की तुमची मोहीम. छपाईचा खर्च शून्य. (शेपटी कुठपर्यंत धरायची हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या तक्त्यावरून पक्कं करून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी कुणीतरी तुम्हाला खोटं पाडेल. आणि किमान म्हणजे किमानच, त्याहून मोठा घेतला तर चांगलंच.) सुरमईवर करायची असेल तर शाळेतली तीस सेंटिमीटरची फुटपट्टी आणि वर चार बोटं. बोंबलाला माझ्याकडे अजून काही सुचलेलं नाही, तुम्ही शोधा.

आता माणूस कोण? हे नीट ठरवा कारण इथंच सगळे घसरतात. पापलेटचं पिल्लू तीन हातांतून जातं, बोटवाल्याच्या, लिलावात घेणाऱ्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या. (विकणारी बाई मध्ये असते पण तिच्या हातात सर्वात कमी असतं, ती अख्खी टोपलीच घेते, त्यात लहान-मोठं सगळं येतं, निवडायला कोण देतंय.) बोटवाल्याला ‘लहान मासा परत सोडा’ असं चुकूनही सांगू नका, लोक हसतील. डोलीतून (प्रवाहात रोवलेलं पिशवीसारखं जाळं) किंवा बोटीमागं ओढायच्या ट्रॉलच्या जाळ्यातून मासा वर येतो तेव्हा बहुतेक वेळा तो मेलेलाच असतो, मेलेलं पिल्लू समुद्रात टाकून काय ते मोठं होणारे? बोटवाल्याला बोलायचं तर जाळं पाण्यात पडायच्या आधीचं बोलायचं, जाळ्याचा आस, म्हणजे भोक, केवढा, कुठल्या महिन्यात, कुठल्या भागात. हे बोलायला तुम्ही विशीतली पोरं गेलात तर ‘आधी बोटीवर ये’ म्हणतील आणि बरोबरच म्हणतील. म्हणून मी म्हणते तुमच्यासाठी गिऱ्हाईक बरं. तुमचे आई-बाबा, काका, शेजारी. रविवारी सकाळी पिशवी घेऊन जाणारी माणसं.

आणि २१ नोव्हेंबर विसरा. म्हणजे समारोप करा हवा तर, प्राचार्यांना फोटो लागतात. पण १ ऑगस्टला बंदी उठते आणि त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाजारात दिसतात, तुम्ही नोव्हेंबरात बोंबलून काय उपयोग, तोवर ती खाऊन झाली. कोकणात मासळी बाजाराला सगळ्यात मोठी रांग कधी लागते? श्रावण आणि गणपती उरकले की. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाजाराच्या दारात उभे राहा, महिनाभर वरण-भात खाल्लेली जनता तुम्हाला तिथंच सापडेल आणि त्या दिवशी भाव इतका चढलेला असतो की लोक नाइलाजानं लहान मासा घेतात. तुमचं काम त्या दिवशी, त्या दारात, त्या अर्ध्या मिनिटात.

कसं दिसेल ते सांगते. तीन-चार मासेवाल्यांशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे खरंच बसून, चहा पिऊन, दोनदा जाऊन. त्यांच्या मासे मांडायच्या पाटाच्या कडेला नोटेएवढी एक रंगीत पट्टी चिकटवा, पाण्यात न सुटणारी. मला आधी वाटलेलं की पैशाच्या क्यूआर कोडच्या खाली लावावी, कारण हल्ली नोट कोण काढतंय, सगळे स्कॅन करतात. पण स्कॅन करेपर्यंत मासा पिशवीत गेलेला असतो. पाटावरच हवी. आणि जी बाई पट्टी लावू देईल तिला तुमच्याकडून काहीतरी मिळालं पाहिजे, म्हणजे तुमच्या २५ घरांनी महिनाभर तिच्याकडूनच मोठा मासा घ्यायचा आणि घासाघीस करायची नाही. तिचा धंदा बुडवून जागृती करायची नसते. जिनं नाही म्हटलं तिच्यासमोर उभं राहून घोषणा द्यायच्या नाहीत.

एकच मासा धरून केलेली मोहीम लहान वाटते ना? १९९८ साली अमेरिकेत स्वोर्डफिशवर अशी एक झाली होती. पूर्व किनाऱ्यावरच्या २७ नावाजलेल्या शेफनी सांगितलं की हा मासा आम्ही मेनूवरून काढतोय, थोडा दम खाऊ दे त्याला. सगळा महासागर वाचवा वगैरे काही नाही, एक मासा, एक कृती, आणि मागणीही एकच की पिल्लं वाढतात त्या भागात मासेमारी थांबवा. २००० मध्ये सरकारनं तसे भाग बंद केले आणि यांनी मोहीम चक्क संपवली. संपवता येते अशी मोहीम करा, आपल्याकडच्या मोहिमा संपत नाहीत, विरून जातात.

दुसरं उदाहरण शेजारच्या गुजरातचं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारत असत, यकृताचं तेल होड्यांना लावायला आणि मांस बाहेर पाठवायला. २००१ मध्ये कायद्यानं संरक्षण दिलं. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनखातं आणि टाटा केमिकल्सनं मोहीम सुरू केली तेव्हा त्यांनी दंड, तुरुंग हे पुढं केलंच नाही. मोरारीबापूंनी कथेतून सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, आणि नाव दिलं ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. आता माहेरी आलेल्या लेकीवर कोण हात उचलेल? जाळं कापून ज्यांनी मासा सोडला त्यांना जाळ्याचे पैसेही मिळायला लागले, हे लोक सांगताना विसरतात पण मला तर वाटतं अर्धं यश त्या पैशात आहे. आपल्याकडेही २०१८ पासून कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असं काही संरक्षित जाळ्यात अडकलं आणि जाळं कापून सोडलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. म्हणजे भावनेला हात घाला पण खिशाला विसरू नका. आणि हेही लक्षात असू दे की व्हेल शार्कवर सगळ्या गावाचं पोट नव्हतं, पापलेटवर आहे, त्यामुळे इथं नुसत्या लेकीच्या गोष्टीनं भागणार नाही.

आकडे वापरायचे असतील तर एक सावध करते. २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतला नीचांक, असं सीएमएफआरआयनं सांगितलं होतं, आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती. हा आकडा पोस्टरवर टाकायला हात शिवशिवतील. पण त्या वर्षी वादळांमागून वादळं आली आणि बोटी कित्येक दिवस बंदरातच होत्या. सगळं खापर अतिमासेमारीवर फोडलंत तर बंदरावरचं शेंबडं पोरही तुम्हाला पकडेल. त्यापेक्षा स्वतःचा आकडा काढा. बाजारातून पिल्लांचा एक वाटा विकत घ्या. मी घेतला होता, चौदा पापलेटं, तळहातावर शेजारी शेजारी दोन मावतील एवढाली, वजन केलं तर सगळी मिळून अर्धा किलो भरेना. आता त्याच बाजारातला मोठ्या पापलेटचा किलोचा भाव विचारा (मोठ्याला नुसतं वजन जास्त नसतं, किलोमागे भावही चढा असतो) आणि चौदाच्या चौदा नाही, त्यातली पाच जरी मोठी झाली असती तर किती झाले असते ते गणित फळ्यावर मांडा. हा फळा लिलावाच्या शेडमध्ये ठेवला तर लोक थांबून वाचतात. मी बघितलंय.

शेवटी मोजमाप. लाइक मोजू नका, सह्या तर नकोच, सह्या करणारे पेन घेऊन जातात. मोहिमेआधी दोन रविवार आणि नंतर दोन रविवार त्याच तीन-चार पाटांवर नोटेपेक्षा लहान पापलेटचे वाटे किती लागले ते मोजा. आकडा बदलला नाही तर तसंच लिहा. २० हजारांतले अठरा परत कराल बहुतेक.

प्रश्न : मी पालघर जिल्ह्यातला, घरची बोट आहे, गिलनेट (पाण्यात भिंतीसारखं उभं सोडायचं जाळं) आणि डोल दोन्ही करतो. दरवर्षी कोणी ना कोणी शहरातून येतं आणि आम्हाला समुद्र कसा वाचवायचा ते शिकवतं. आमचे आजे दर्याला नारळ देऊन मगच होडी काढायचे. रात्री एलईडीच्या उजेडावर मासा गोळा करून सगळं ओरबाडणाऱ्यांना, अख्खा थवा जाळ्यात घेरणाऱ्या पर्ससीनवाल्यांना, कोण शिकवणार? सांडपाणी कोण थांबवणार? तुमची जागृती आम्हा गरिबांनाच का? – एक मच्छीमार

उत्तर : दादा, तुमचा राग बरोबर आहे आणि मी त्यातला थोडा माझ्या वाट्याला घेते.

जनजागृती हा शब्दच इथं फसवा आहे. ज्याला माहीत नाही त्याला सांगणं म्हणजे जागृती. एलईडीवाल्याला काय माहीत नाही? केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्येच एलईडी आणि दोन बोटींमध्ये जाळं ओढायची बुल ट्रॉलिंग, दोन्ही बंद केलीत. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा, त्यात २०२१ मध्ये बदल करून दंड लाखांत नेलेत. पर्ससीनला २०१६ च्या अधिसूचनेनं सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवलाय. हे सगळं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पाठ असतं, कुठल्या रात्री गस्तीची बोट बंद आहे हेसुद्धा. अशा माणसापुढं पथनाट्य करणं म्हणजे चोराला कुलपाचं महत्त्व पटवून देणं. तिथं जागृती नको, दबाव हवा, आणि दबावाचं पोस्टर वेगळं असतं. ते बोटवाल्याला नसतं, ते खात्याला असतं.

तुमच्या सोसायटीनं एक करावं. माहितीच्या अधिकारात विचारा, गेल्या हंगामात आपल्या जिल्ह्यात या कायद्याखाली किती बोटी पकडल्या, किती केसेस निकाली लागल्या, दंड किती लावला आणि त्यातला वसूल किती झाला, गस्तीची बोट किती दिवस पाण्यात होती. उत्तर येईल ते, जसं येईल तसं, मोठ्या अक्षरात सोसायटीच्या भिंतीवर. दर महिन्याला नवा आकडा. आणि दिवे दिसले की नुसतं ग्रुपवर शिव्या घालण्यापेक्षा तारीख, वेळ, जीपीएसचा पॉइंट आणि शक्य असेल तर व्हिडिओ एका वहीत. तक्रार एका माणसाच्या नावानं करू नका, सोसायटीच्या लेटरहेडवर करा, उगाच एकट्यावर राग निघायला नको.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची गोष्ट तुम्हाला आवडेल. तिथं कॉड मासा शेकडो वर्षं पकडत होते. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे लोक ओरडून सांगत होते की मासा बारीक झालाय, कमी झालाय, पण मोठ्या ट्रॉलरना खोल समुद्रात भरभरून मिळत होता म्हणून शास्त्रज्ञांच्या कागदावर सगळं आलबेल होतं. ट्रॉलर जिथं मासा गोळा झालाय तिथंच शोधून जात होते ना, त्यामुळे शेवटपर्यंत जाळी भरलेलीच दिसली. २ जुलै १९९२ ला सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि तीसेक हजार लोकांचा रोजगार एका फटक्यात गेला. म्हणजे छोट्या होडीवाल्याला जे आधी कळतं ते लिहून ठेवलं पाहिजे. तुमच्या आज्यांना, बाबांना विचारा, कुठल्या खुणेवर कुठला मासा मिळायचा, केवढा, किती. कुणीतरी त्याची वही करा, ती वही कुठल्याही पोस्टरपेक्षा वजनदार असते, अधिकाऱ्यासमोर टेबलावर ठेवता येते.

आता वाकडं बोलते, रागावू नका. डोलीच्या खोल्याचा, म्हणजे मासा गोळा होतो त्या शेवटच्या पिशवीचा, आस तुम्हीही कधी मोजून बघा. एलईडीवाला एका रात्रीत ओरबाडतो हे खरं, पण बारीक आसाच्या खोल्यातून रोज थोडी थोडी पिल्लंही जातातच, आणि त्यातली कित्येक फिशमीलच्या कारखान्यात कोंबड्यांचं आणि कोळंबीचं खाद्य व्हायला जातात, तुमच्या हातात त्याचे किती पडतात तुम्हालाच माहीत. तुमच्या आज्यांनी नारळ दिला तेव्हा जाळं सुताचं होतं आणि होडीला शीड होतं. मला एवढंच वाटतं की ज्या सोसायटीनं स्वतःच्या गावात आस ठरवला आणि पाळला, तिनं एलईडीविरुद्ध तक्रार केली की तिचं वजन दुप्पट होतं. सांडपाण्याचं म्हणताय ते शंभर टक्के खरं, त्यावर मी स्वतंत्र लिहीन, एका पत्राच्या उत्तरात ते मावणार नाही.

प्रश्न : एवढी कसली मोहीम? सगळ्यांनी मासे खाणंच सोडावं, प्रश्न मिटला. – एक शाकाहारी वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही सोडलेतच, छान. पण किनाऱ्यावरच्या माणसाला मासा म्हणजे जेवणही आणि पगारही, त्याला हे सांगायला तुम्ही स्वतः जाणार असाल तर मला कळवा, मला बघायला यायचंय.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सहावी-सातवीच्या मुलांना हा विषय कसा सांगू? चार्ट केला तर मुलं बघतसुद्धा नाहीत. – एक शिक्षिका, सिंधुदुर्ग

उत्तर : बाई, चार्ट नको, परात घ्या. परातीत मूठभर छोले आणि दोन मुठी मूग. छोले म्हणजे मोठे मासे, मूग म्हणजे पिल्लं. दोन ‘जाळी’ करा, एक कांद्याच्या गोणीच्या जाळीची आणि एक जुन्या मच्छरदाणीची. मुलांचे दोन गट, दोन पराती, प्रत्येकानं एकदा जाळी फिरवायची. फेरी संपली की परातीत उरलेल्या प्रत्येक चार मुगांच्या जागी एक छोला ठेवा, पिल्लं मोठी झाली, आणि उरलेल्या प्रत्येक छोल्यामागे चार मूग टाका. मच्छरदाणीवाला गट पहिल्या फेरीत खुशीनं नाचतो, तिसऱ्या-चौथ्या फेरीत त्यांची परात रिकामी होते आणि मग भांडणं होतात, ‘बाई यांनी सगळं संपवलं’. ते भांडण होऊ द्या, मध्ये पडू नका. तुमच्या वर्गात रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांची, मुलं असतीलच, त्यांच्या आजोबांना एक दिवस बोलवा आणि रापणीत पूर्वी काय काय यायचं ते ऐकवा. माझ्याकडून एवढंच, तुम्हाला मुलं जास्त कळतात.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते. मासे जीव की प्राण. गेली पंधरा वर्षं एकाच मावशींकडून घेते, त्या पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आणतात. (१) गटारीला बंदी चालू असते तरी बाजारात पापलेट कसं मिळतं? ते घेणं चूक का? (२) मावशी हल्ली फारच बारीक पापलेट देतात, त्यांना कसं सांगू, वाईट वाटेल. – एक मत्स्यप्रेमी गृहिणी

उत्तर : पहिलं सोपं आहे. आपल्याकडची बंदी १ जून ते ३१ जुलै, आणि ती यांत्रिक बोटींना, बिनइंजिनाच्या होड्यांना नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे आपलं बंद असतं तेव्हा आंध्र-बंगालच्या बोटी सुरू झालेल्या असतात आणि तिकडचा माल बर्फातून इथं येतो. शिवाय कोल्डस्टोरेजचा. त्यामुळे गटारीचं पापलेट चोरीचंच असेल असं नाही, पण ‘मावशी, हे कुठलं?’ एवढं विचारायला काय हरकत आहे. त्या दिवसांत खाडीची मासळी, सुकट, सोडे, जवळा यावर माझ्या आईनं आयुष्य काढलं आणि आम्ही काही वाळलो नाही.

दुसरं अवघड. मीही तुमच्यासारखीच, माझ्याही मासेवाल्या मावशी ठरलेल्या आहेत, आणि हे सगळं ज्ञान पाजळणारी मी कित्येक महिने त्यांच्यासमोर तोंड उघडू शकले नव्हते. भाषण करायचं नाही एवढं ठरवलेलं. शेवटी एका रविवारी त्यांनी लहान पापलेटचा वाटा पुढं सरकवला, तेव्हा मी पर्समधून पन्नासची नोट काढून त्यातल्या एकावर ठेवली. मासा नोटेखाली पूर्ण झाकला गेला. मावशींना वाटलं मी भाव करतेय, म्हणाल्या, ‘पन्नासला? बाय, तुजं डोकं फिरलंय काय?’ मग मी सांगितलं, की मावशी, नोटेखाली लपतंय ते मला नको, जे नोटेबाहेर डोकं काढतंय ते द्या, दोन कमी द्या पण मोठी द्या, पैसे तेवढेच घ्या. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला काय हौस हाय बारीक इकायची? धक्क्यावर टोपलीच तशी येते. गिऱ्हाइकालापन वाटा मोठा दिसाया लागतो.’ मी म्हटलं मला वाटा लहान दिसला तरी चालेल.

पाटाखालच्या बर्फातून त्यांनी दोन काढली, ताटलीएवढी, कुणातरी ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवलेली असणार. साफ करून पिशवीत घातली. पैसे दिले, आणि पन्नासची ती नोट मात्र त्यांनी परत दिली नाही, ‘ही र्‍हाउंदे माज्याकडं, दुसऱ्यांना दाखवाया’ म्हणून पदराला बांधून टाकली.